काळे उंदीर आणि आमची आत्या

मी पीएच.डी. करते म्हणजे नेमकं काय करते, हे झाशीत समजावून सांगणं मला कधी नीट जमलं नाही. "उंदीर पाळते" हे त्यातल्या त्यात खरं उत्तर होतं. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा शेजारच्या चाचीजींनी विचारलं आणि मी तेच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "काए बिन्ना, इत्ती दूर काए खों गईं? हमाए इते ढेर हैं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः लोखंडी पिंजरा घेऊन दारात उभ्या. आत एक जाडजूड उंदीर, मिशा हलवत. आईने त्यांना चहा दिला, बाबांनी पिंजरा लांब नाल्यापाशी नेऊन उघडला, आणि संध्याकाळपर्यंत मी सगळ्या कॉलनीत 'चूहेवाली बिटिया' झाले.

ही रेल्वेची कॉलनी, सीपरी बाजारच्या अलीकडची. आजोबा भुसावळहून बदली होऊन इथे आले आणि परत गेलेच नाहीत. बाबा रेल्वेतच हेडक्लार्क. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, भाजीवाल्याशी अर्धीमुर्धी बुंदेली, असा आमचा कारभार. घरात आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या बाबांहून चार वर्षांनी लहान, बिनलग्नाची, साड्यांना फॉल लावून द्यायची. तिचा टाका इतका बारीक आणि सरळ की समथर आणि मऊरानीपुरला माहेरी जाणाऱ्या बायका जाण्याआधी साडी आमच्याकडे टाकून जायच्या.

आत्याला फिट यायच्या. हा शब्द मात्र आमच्या घरात कोणी वापरत नसे. "तिला तसं झालं" किंवा "काल तिचं बरं नव्हतं" एवढ्यावर भागायचं. ती आठ महिन्यांची असताना तापात पहिल्यांदा तसं झालं, मग दर तापात, आणि पुढे ताप नसतानाही, नुसत्या उकाड्याने. झाशीचा मे-जून म्हणजे तिच्या वाट्याची कैदच. सकाळी दहानंतर बाहेर पाऊल नाही, खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर आई दर तासाला पाणी मारणार. गच्ची बंद, सायकल बंद, शेगडीजवळ एकटीने उभं राहणं बंद. आजी होती तोवर तिने ताईत बांधले, उपास केले. गरोदरपणी ग्रहणात आपण विळी हातात घेतली म्हणून पोरीला हे भोगावं लागतंय, असं ती मरेपर्यंत मानत होती. आणि हे ती आत्यासमोरच बोलायची.

मी दक्षिणेतल्या एका शहरात संशोधन करायला गेले. तिथल्या प्रयोगशाळेत आनुवंशिक अपस्मारावर काम चालतं हे कळल्यावर दुसरा विषय माझ्या मनात आलाच नाही. घरी मात्र आईने आधीच बजावून ठेवलं होतं की आत्याला हे सांगायचं नाही, तिला वाईट वाटेल. म्हणून दोन वर्षं घरी बाकीच्यांना एवढंच माहीत होतं, की मुलगी उंदरांच्या 'दिमाग'वर काहीतरी करते.

आमचे उंदीर काळे कुळकुळीत, माझ्या अंगठ्याहून थोडे मोठे. मेंदूतल्या पेशींच्या भिंतीला मिठाचे कण आत सोडणारी बारीक दारं असतात. ती दारं बनवणाऱ्या एका जनुकाची एक प्रत या उंदरांत बिघडवलेली. दारं कमी पडली की त्याचा त्रास आधी कोणाला, तर बाकीच्या पेशींना गप्प बसवण्याचं काम करणाऱ्या पेशींना. त्या थकल्या की वर्गातून मास्तर बाहेर गेल्यासारखं होतं, सगळे एकदम बोलायला लागतात. तीच फिट. एका वेळच्या पिलांतली साधारण निम्मी असा बिघाड घेऊन जन्मतात, निम्मी धडधाकट. दिसायला सगळी सारखीच. कानाचा टिकलीएवढा तुकडा तपासल्याशिवाय कोण कोणतं ते कळत नाही.

प्रयोग साधा होता. उंदराला काचेच्या भांड्यात ठेवायचं, वरून तांबडा दिवा लावायचा आणि ताप चढावा तसं त्याचं अंग अर्ध्या-अर्ध्या अंशाने गरम करत जायचं. धडधाकट पिलू नुसतं वैतागतं. बिघाडवाल्याला एका ठरावीक उष्णतेला फिट येते. मग दिवा लगेच बंद, थंड फडक्यावर ठेवायचं, अंग निवेपर्यंत हलायचं नाही.

पहिल्यांदा ती फिट पाहिली तेव्हा सोबतच्या दोघी मागे सरकल्या. माझा हात आपोआप पुढे गेला, उंदराला कुशीवर वळवलं, तोंडाखालचा भुसा बाजूला केला. आमच्या गाईड बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलीस. मी म्हटलं, घरी. त्या दिवसापासून गरम करण्याचं काम माझ्याकडे आलं.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात मी झाशीला आले ती लॅपटॉपवर ढीगभर व्हिडिओ घेऊन. ते बघून प्रत्येक फिट कोणत्या सेकंदाला सुरू झाली, किती वेळ चालली, किती जोराची होती हे वहीत लिहायचं होतं. कोणत्या उंदरात बिघाड आहे हे मला मुद्दामच सांगितलेलं नव्हतं, म्हणजे मन आधीच एका बाजूला झुकायला नको. दुपारी बाहेरच्या खोलीत उन्हाची तिरीप यायची तिथे मी सतरंजीवर बसायचे. आत्या त्या वेळी झोपते असा माझा समज होता.

एकदा मागे बांगडी वाजली. वळून पाहिलं तर आत्या, हातात कोणाची तरी जांभळी साडी, नजर पडद्यावर. पडद्यावरचा उंदीर नेमका आडवा होऊन चारी पाय झाडत होता. मी झाकण खाली करायला गेले, तर तिने हात मध्ये घातला.

"राहू दे," ती म्हणाली.

तिने ते शेवटपर्यंत पाहिलं. पाय थांबले, उंदीर नुसता पडून राहिला, पोट तेवढं वरखाली होत होतं. मग तिने अगदी सरळ आवाजात विचारलं, "मी अशी दिसते?"

पन्नाशीला आलेल्या या बाईला सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि तिने स्वतःला एकदाही पाहिलं नव्हतं. उठायची तेव्हा सगळं आवरलेलं असायचं, चेहरे नीट लावलेले असायचे, आणि काय झालं म्हणून विचारलं की उत्तर एकच, काही नाही, पड जरा.

"साधारण अशीच," मी म्हटलं.

"मला वाटायचं फार भयंकर दिसत असेल," ती म्हणाली. "सगळे असे बघतात ना माझ्याकडे नंतर." आणि साडी मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली. "लाव पुढचा."

ती रडेल या भीतीने मी अवघडून बसले होते आणि तिने प्रश्नांची फैर सुरू केली. त्याला नंतर आठवतं का? भूक लागते का? त्याला उचलून कोण ठेवतं? मी ठेवते म्हटल्यावर तिने मान हलवली, चला, घरचं कोणीतरी आहे, अशी. मग माझी वही ओढून घेऊन ती मी लिहिलेले आकडे बघू लागली.

त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही दोघी सतरंजीवर. आईला वाटलं आत्या मला फॉल शिकवतेय, आणि तिला त्याचा आनंद झाला. खरं तर गिऱ्हाइकांच्या साड्या तुंबल्या होत्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. उंदीर पडद्यावर मजेत फिरत असायचा आणि आत्या म्हणायची, "आता येणार." आणि यायची. मी म्हटलं, योगायोग असेल. आणखी पाच व्हिडिओ लावले. पाचांपैकी दोघांच्या वेळी ती गप्प बसली आणि त्या दोघांना फिट आलीच नाही. उरलेल्या तिघांच्या वेळी तिने माझ्या किती तरी आधी सांगितलं.

मी विचारलं, तुला कळतं कसं? तिने व्हिडिओ मागे न्यायला लावला. उंदीर दोन्ही पंजांनी तोंड धुत होता. मध्येच थांबला. एक पंजा तसाच हवेत, कान किंचित मागे. दोन-तीन सेकंद, फार तर चार. मग पंजा खाली, पुन्हा चालणं, आणि त्यानंतर तो पहिला झटका, जिथे मी वहीत 'सुरुवात' असं लिहिलं होतं.

"तू सुरुवात उशिरा लिहितेस," आत्या म्हणाली. "सुरुवात इथे आहे. इथे त्याचा हात त्याचा राहिलेला नाही."

मग तिने सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी. तिचा डावा हात आधी परका होतो. बोटं दिसतात, पण ती आपली वाटत नाहीत. क्षणभर जग पुढे जातं आणि ती मागे राहते. मग पुन्हा सगळं ठीक वाटतं, आणि त्यानंतरचं तिला काही माहीत नसतं. "तेवढ्यात मी सुई खाली ठेवते," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिला एकदाही सुई लागली नव्हती आणि आम्ही म्हणायचो, देवाची कृपा.

सुट्टी संपवून मी परत गेले आणि गाईड बाईंना सांगितलं. त्या विज्ञानाच्या बाबतीत कोणाच्या आत्याबित्याचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पण काही उंदरांच्या डोक्यावर बारीक तारा बसवून मेंदूच्या लहरींची नोंदही आम्ही घेतलेली होती. ती काढून व्हिडिओशेजारी लावली. पंजा हवेत थांबतो त्या क्षणी लहरींची रेघ बदललेली होती, अगदी थोडीशी, आधीच सांगितलं नसतं तर नजरेतून सुटली असती अशी. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं, आणि आमच्या नोंदीच्या तक्त्यात एक नवा रकाना वाढला. मागचे सगळे व्हिडिओ पुन्हा बघायला लागले. माझ्या सोबतच्या दोघी माझ्याशी आठवडाभर धड बोलल्या नाहीत.

त्यानंतरच्या प्रयोगाने माझी झोप उडवली. फिटवर सर्रास दिल्या जाणाऱ्या काही औषधांचे छोटे डोस आम्ही उंदरांना देऊन पाहत होतो. त्यातलं एक औषध दिल्यावर आमच्या काळ्या उंदरांना फिट कमी उष्णतेलाच यायला लागली, आणि जास्त जोराची. औषध तसं चांगलं, जुनं, लाखो लोकांना गुण देणारं. पण ते मिठाची तीच दारं आणखी आवळतं, आणि ज्यांच्याकडे दारं आधीच कमी, त्यांना ते उलटतं. आत्या तेच औषध बावीस वर्षं घेत होती. ज्यांनी ते सुरू केलं त्यांची चूक नव्हती, तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "उंदीर म्हणजे आत्या नाही. फोनवर गोळी बंद कर असं एक अक्षर बोलायचं नाही, एकदम बंद केली तर जिवावर बेतेल. मेंदूच्या डॉक्टरांकडे ने, रक्त तपासू दे, मग ते ठरवतील."

मी बाबांना फोन केला. रक्त, आनुवंशिक, असे शब्द कानावर पडताच त्यांचा आवाज चढला. आपल्या घराण्यात असलं काही नाही, तिचं वेगळं आहे, आणि तुझं लग्न व्हायचंय हे तरी ध्यानात ठेव. मी वाद घालत होते तेवढ्यात फोनवर आत्याचा आवाज आला. तिने रिसीव्हर काढून घेतला असावा.

"कुठे जायचं ते सांग," ती म्हणाली. "मी येते."

दिल्लीला जायचं ठरलं. मी तिकडून परस्पर पोहोचले, आई-बाबा आत्याला घेऊन झाशीहून आले. बाबा कोणाशी बोलत नव्हते, फक्त हमालाशी आणि चहावाल्याशी. डॉक्टर मध्यमवयाचे, शांत. त्यांनी आत्याचं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "परिवार में और किसी को? बचपन में, बुख़ार में?"

आईने नाही म्हटलं. मी सांगितलं की लहानपणी गोवर आला तेव्हा मला एकदा फिट आली होती. डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाबा भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होते. आणि तिकडेच बघत ते मराठीत म्हणाले, "मला यायच्या. सात वर्षांचा होईपर्यंत. ताप आला की."

डॉक्टरांना मराठी कळत नव्हतं. ते आमच्याकडे बघत राहिले आणि आम्ही तिघी बाबांकडे. मी ते हिंदीत सांगितलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. आजीने त्यांना शपथ घातली होती. मुलगा आहे, पुढे रेल्वेत लागायचाय, तिथे डॉक्टरी तपासणी असते, म्हणून हे कोणाला कधी सांगायचं नाही. सातव्या वर्षी फिट आपोआप थांबल्या आणि आजीने तो विषय पुरून टाकला. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. आईला त्यांच्या संसाराच्या तिसाव्या वर्षी हे कळत होतं. तिने पदर तोंडाला लावला होता. ती रडतेय की रागावली आहे ते कळेना. नंतर तिने सांगितलं, दोन्ही.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसली होती. मथुरा मागे पडली. मग तिने डब्यातल्या पुऱ्या काढल्या, पहिली बाबांच्या हातावर ठेवली.

"दादा, मला वाटायचं घरात मी एकटीच अशी आहे," ती म्हणाली. "तू होतास तर."

बाबांनी पुरी हातात धरून ठेवली. ते म्हणाले, "होतो." मग दोघांनी खाल्लं, आणि ग्वाल्हेर येईपर्यंत ती दोघं लहानपणीच्या तापांबद्दल बोलत होती, कोणाला किती दिवस आला, आजी कोणाच्या कपाळावर कोणत्या पाण्याच्या घड्या ठेवायची. आईने झोप म्हणून खुणावलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, पण झोपले नव्हते.

रक्ताचा रिपोर्ट यायला चार महिने लागले. तिघांच्याही रक्तात बदल सापडला, आत्या, बाबा आणि मी. जनुक आमच्या उंदरांचंच, बिघाडाची जागा तेवढी वेगळी. एकीला आयुष्यभर, एकाला बालपणापुरता, एकीला एकदाच, असं का, ते नीट कोणालाच सांगता येत नाही. उंदरांतही तेच दिसतं. तोच बिघाड दुसऱ्या वाणाच्या उंदरांत नेला की ते बिनघोर हिंडतात. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दोष माझ्या वाणाचा. ग्रहणाचा नाही." तिला या गोष्टीचा इतका आनंद झाला की तिने चाचीजींना बोलावून ते हिंदीतही समजावलं.

गोळी बदलायला सहा महिने लागले. जुनी चिमटी-चिमटीने कमी, नवी तशीच वाढवत. फिट पूर्ण थांबल्या असं मी लिहिणार नाही, कारण थांबल्या नाहीत. आधी उन्हाळ्यात आठवड्याला एक ठरलेली होती. नव्या गोळीनंतरच्या पहिल्या अख्ख्या उन्हाळ्यात दोन आल्या, त्यातली एक लाइट जाऊन कूलर बंद पडला त्या दिवशी.

माझं लग्न ठरताना बाबांनीच मुलाकडच्यांना सगळं सांगितलं, आत्याचं, माझं आणि स्वतःचंही. एक स्थळ गेलं. दुसरं आलं त्या घरातल्या आजोबांनी विचारलं, "म्हणजे ताप आला की लवकर उतरवायचा, एवढंच ना?" मी म्हटलं, हो, साधारण एवढंच. तिथे झालं.

आता मी वर्षातून एकदाच झाशीला जाते. मागच्या खेपेला गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत, चाचीजींकडून आत्याबद्दल ऐकून बिजौलीहून आलेली एक तरुण आई बसली होती, कारखान्यात कामाला जाणारी, मांडीवर वर्षाची मुलगी. मुलीला तापात दोनदा झटके आले होते. घरचे म्हणत होते, नजर लागली. त्या बाईने मोबाइलवर व्हिडिओ आणला होता, आणि आत्या चष्मा लावून तो तिसऱ्यांदा बघत होती. मला तिने हाताने थांबवलं, मध्ये बोलू नकोस अशा अर्थाने.

"तुमने अच्छा किया जो वीडियो बना लिया," ती त्या आईला म्हणाली. "करवट पे लिटाना, मुँह में चम्मच-वम्मच कुछ नहीं डालना, घड़ी देखते रहना. और यही वीडियो डॉक्टर साब को दिखाना, कल ही." मग तिने एका कागदावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न हिंदीत लिहून दिले, एकाखाली एक, फॉलच्या टाक्यासारख्या सरळ ओळीत. शेवटचा प्रश्न असा होता की बापाला लहानपणी तापात कधी असं झालं होतं का.

ती आई म्हणाली, सासू सांगणार नाही.

"सास से मत पूछो," आत्या म्हणाली. "बाप को अकेले में पूछो, खाना खिला के."